येशू परत येणार, म्हणजे नेमकं काय होणार?

२०१९ चा महापूर, २०२० चा कोरोना, २०२१ ला पुन्हा महापूर. या तीन वर्षांत कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांमधल्या मोबाइलवर एकच मेसेज वेगवेगळ्या रंगांत फिरत होता: ‘ही शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, मत्तय २४ वाचा, दहा जणांना पाठवा.’ शेजारीपाजारीही विचारायचे, ‘काय ओ, तुमच्यात येशू परत येणार म्हणत्यात, ते खरं काय? आणि कधी?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. हो, आमचा तसा विश्वास आहे. रविवारच्या उपासनेत उभं राहून आम्ही जो प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची कबुली, म्हणतो, त्यातच ते आहे: येशू मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, स्वर्गात गेला आणि तिथून जिवंतांचा नि मेलेल्यांचा न्याय करायला येणार आहे. वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये जाणारा असो, कॅथलिक असो, नाहीतर एखाद्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवून गाणारा पेंटेकॉस्टल असो, एवढं सगळ्यांना मान्य आहे. तो येईल, मेलेले उठतील, न्याय होईल, सृष्टी नवी होईल. बस. यापुढे जे काही ऐकायला मिळतं, म्हणजे सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधी, ६६६, विश्वासणाऱ्यांचं एकाएकी गायब होणं, त्यावर ख्रिस्ती लोकांचंच आपसात एकमत नाही, आणि कधीच नव्हतं.

हिंदू मित्रांना हे सांगायला लागलो की कल्कीचा विषय निघतोच. मुस्लिम मित्र म्हणतात, ईसा परत येणार हे आमच्यातही आहे. दोन्ही आठवणी रास्त आहेत. पण कलियुग संपलं की पुन्हा सत्ययुग, कालचक्र चालूच. बायबलमधला काळ एकदाच सुरू होतो आणि एकदाच मुक्कामाला पोचतो. शिवाय येणारा कुणी नवा अवतार नाही. ज्याला खिळे ठोकून मारलं, तोच येणार, अशी श्रद्धा आहे.

दुसरा प्रश्न, ‘कधी?’, हा लांबचा पल्ला आहे. कोल्हापूरकराला पावसाळ्यात एक सवय असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर गेली, ते तासातासाला बघायचं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्यावरून गाडी कुठं लावायची, म्हातारीला कुणाकडं पोचवायचं, हे ठरतं. अंतकाळाच्या भविष्यवाण्यांकडंही बहुतेकांना अशीच पट्टी म्हणून बघायचं असतं. युद्ध झालं, एक फूट चढलं. भूकंप झाला, आणखी एक. साथ आली, आता इशारा पातळी ओलांडली. गंमत अशी की येशूनं स्वतः ही पट्टी द्यायचं नाकारलंय, आणि तेही नेमक्या त्याच उताऱ्यात, जो मेसेजमधून फिरवला जातो.

तो प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत, आहे. मार्कातला तेरावा अध्याय घेऊ, कारण तो बहुधा सगळ्यांत जुना. यरुशलेमच्या मंदिराचे अवाढव्य दगड बघून एक शिष्य हरखून जातो. येशू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. मग समोरच्या जैतुनाच्या डोंगरावर बसल्यावर चौघे शिष्य हळूच विचारतात, हे कधी होणार, खूण काय? उत्तरात युद्धं येतात, भूकंप येतात, दुष्काळ येतो. हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच वाक्यांना चिकटून आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मेसेजमध्ये कधीच नसतात. युद्धांच्या बातम्या ऐकून घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आणि या नुसत्या सुरुवातीच्या कळा आहेत. म्हणजे ज्या गोष्टी ‘शेवट आला’ म्हणून पुढं पाठवल्या जातात, त्याच गोष्टी येशूनं ‘हा शेवट नव्हे’ म्हणून सांगितल्या. मला तर वाटतं, त्या अध्यायाचा मुख्य रोख भविष्य सांगण्यावर नाहीच, फसू नका हे सांगण्यावर आहे. ‘मीच तो’ म्हणत पुष्कळ येतील, ही त्यातली पहिलीच सूचना आहे.

मंदिराचं म्हणाल तर ते इ.स. ७० मध्ये पडलं. यहुद्यांचं बंड मोडायला आलेल्या रोमन सैन्यानं, सेनापती तीतच्या हुकमतीखाली, यरुशलेम जाळलं. मंदिरातला सोन्याचा सात फाट्यांचा दीपवृक्ष मिरवत नेला, आणि रोममधल्या तीतच्या कमानीवर ते दृश्य आजही कोरलेलं दिसतं. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की त्या अध्यायातला मोठा भाग घडून गेलाय. आपण ज्याला उद्याचं भविष्य समजतो तो साडेएकोणीसशे वर्षांपूर्वीचा इतिहास आहे.

पण मग एक अडचण उरते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिथंच येशू म्हणतो की हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. पिढी तर केव्हाच गेली. कुणी म्हणतं, ते वाक्य मंदिरापुरतं होतं आणि ते चाळीस वर्षांत खरं झालं. कुणी म्हणतं, पिढी म्हणजे यहुदी वंश. कुणी सरळ मान्य करतं की पहिल्या ख्रिस्ती लोकांना सगळं आपल्या हयातीतच होईल असं वाटत होतं. मला पहिलं उत्तर पटतं. दुसरं मात्र ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. काही असो, दोनच ओळींनंतर येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. पुत्रालाही नाही! हे वाचून झाल्यावरही जो कॅल्क्युलेटर हातात घेतो, त्याच्या धाडसाला दाद द्यावी तेवढी थोडी.

आता थेस्सलनीका. आजच्या ग्रीसमधलं हे बंदर. पौल या पहिल्या पिढीतल्या प्रचारकानं तिथं मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा समूह, उभी केली, आणि इ.स. ५० च्या आसपास तिला पत्र लिहिलं. नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागातल्या, सगळ्यांत जुन्या लिखाणांपैकी हे एक. त्या मंडळीचा प्रश्न तारखेचा नव्हताच. त्यांच्यातली काही माणसं वारली होती. प्रभू येणार येणार म्हणून वाट बघत होते आणि मध्येच गेले, आता त्यांचं काय? ते मागं राहणार का? पौल म्हणतो, उलट तेच आधी उठतील, मग आपण जिवंत असलेले त्यांच्यासोबत ढगांत उचलले जाऊ, प्रभूला अंतराळात सामोरे जाऊ आणि सदा त्याच्याजवळ राहू. शेवटी सांगतो, या शब्दांनी एकमेकांचं समाधान करा. आमच्यात दफनाच्या वेळी हा उतारा वाचतात, आणि तिथंच तो शोभतो, कारण तो लिहिलाच मुळी दुखवट्यातल्या माणसांसाठी.

‘ढगांत उचलले जाऊ’ या शब्दांवर पुढं केवढा इमला उभा राहिला ते बघूच. पण त्या काळची एक रीत माहीत असली तर चित्र बदलतं. सम्राट किंवा सुभेदार शहराकडं येऊ लागला की नागरिक वेशीबाहेर बरंच अंतर सामोरे जात, आणि त्याला मानानं घेऊन शहरात परत येत. तिथूनच त्याच्याबरोबर दुसरीकडं निघून जात नसत. पौलाच्या वाचकांना हे सांगावं लागत नव्हतं.

त्याच मंडळीला गेलेलं दुसरं पत्र आणखी बोलकं आहे. तोवर तिथं कुणीतरी उठवलं होतं की प्रभूचा दिवस आलाच आहे. काही लोकांनी कामधंदा सोडला होता आणि दुसऱ्यांच्या घरी बसून खात होते. ‘ज्याला काम करायला नको, त्यानं जेवूही नये’ हे वाक्य तिथलं आहे. आपण ते आळशी पोराला ऐकवतो, पण ते मुळात जगबुडीची वाट बघत बसलेल्यांना ऐकवलेलं आहे. कोल्हापुरात या कारणानं कुणी दुकानाचं शटर ओढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि आता प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक. सात शिंगांचा कोकरा, समुद्रातून येणारं श्वापद, रक्तासारखा चंद्र. लहानपणी संडे स्कूलमध्ये हे पुस्तक पोरं चोरून वाचतात, कारण बाकीच्या पुस्तकांपेक्षा यात ॲक्शन जास्त. मोठी माणसं मात्र ते एक तर उघडत नाहीत, नाही तर दुसरं काहीच उघडत नाहीत.

योहान नावाच्या माणसानं ते पात्म या एजियन समुद्रातल्या छोट्या बेटावरून लिहिलं. बहुतेकांच्या मते इ.स. ९५ च्या सुमारास, दोमितियान सम्राट असताना. काहींच्या मते त्याआधी, निरोच्या वेळी. मुख्य गोष्ट ही की ते एक पत्र आहे, आणि त्यावर पत्ता आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. आजच्या तुर्कस्तानातली ही सात गावं आहेत, आणि याच क्रमानं गेलं तर पत्र घेऊन निघालेल्या माणसाचा फेरा बरोबर पुरा होतो. या गावांत सम्राटाची देवळं होती, आणि सम्राटाला देव म्हणणं हा राजनिष्ठेचा भाग होता. कारागिरांच्या संघांच्या जेवणावळी मूर्तींपुढं व्हायच्या. तिथं गेलं नाही तर धंद्यावर गदा, गेलं तर विश्वासावर. त्या माणसांना हे पुस्तक वाचून दाखवलं गेलं. एकविसाव्या शतकातल्या हेलिकॉप्टरांचं आणि अणुबाँबचं वर्णन त्यात असेल, तर त्या बिचाऱ्यांना त्याचा उपयोग काय होता? कुठलाही अर्थ लावताना मी आधी हा प्रश्न विचारतो, आणि निम्मे यूट्यूब उपदेश तिथंच गळतात.

एक जागा अगदी जवळून बघू. सहाव्या अध्यायात चार घोडे येतात. तिसरा काळा, आणि त्याच्या स्वाराच्या हातात तलवार नाही, तराजू आहे. एक आवाज येतो आणि तो भाव सांगतो: एका दिनाराला एक माप गहू, एका दिनाराला तीन मापं जव, आणि तेलाला नि द्राक्षारसाला धक्का लावू नको. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. ते माप साधारण लिटरभर, एका माणसाला दिवसभर पुरेल एवढंच. म्हणजे दिवसभर राबून जे मिळालं ते एकट्याच्या भाकरीत संपलं. घरात बायकापोरं असतील तर गहू विसरा, जवावर भागवा. तेल आणि दारू ज्यांच्या ताटात असते, त्यांचं मात्र बिनघोर चाललंय. महागाईचं इतकं अचूक वर्णन करणाऱ्या माणसाला फक्त आकाशातल्या चमत्कारांचं वेड होतं, असं म्हणवत नाही.

अठराव्या अध्यायात ‘बाबेल’ पडते तेव्हाही हेच. हे बाबेल म्हणजे सात टेकड्यांवरचं रोम, हे त्या काळच्या वाचकाला कळत होतं. ती पडल्यावर धाय मोकलून कोण रडतं? व्यापारी. आमचा माल आता कोण घेणार म्हणून. मग त्या मालाची यादी येते: सोनं, मोती, तलम कापड, हस्तिदंत, दालचिनी, सुगंधी द्रव्यं, गहू, गुरं, रथ, आणि अगदी शेवटी माणसं, गुलाम म्हणून विकलेली. यातला मोती-हस्तिदंतासारखा माल तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमला जात होता. त्या व्यापाराची एक खूण कोल्हापुरातच सापडली आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा रोमन जगातल्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या, आणि त्यात पोसायडन या समुद्रदेवाची एक छोटी, देखणी मूर्ती होती. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली, म्हणजे साधारण योहानाच्याच काळातली. शाळेच्या सहलीला टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन आलेल्यांनी हिच्याविषयी ऐकलेलं असतं. पात्मावर बसलेला योहान ज्या बाजारपेठेला शिव्या घालत होता, तिचं एक टोक आपल्या ब्रह्मपुरीपर्यंत आलेलं होतं.

६६६ चं कोडंही त्याच काळात सुटतं. ग्रीक आणि हिब्रू लोक आकड्यांसाठी अक्षरंच वापरत, त्यामुळं कुठल्याही नावाची बेरीज करता यायची. हा लोकांचा खेळच होता. पाँपेईच्या एका भिंतीवर कुणा प्रेमवीरानं लिहून ठेवलंय की जिचा आकडा ५४५, तिच्यावर माझं प्रेम आहे. ‘निरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे, आणि त्याच नावाचं लॅटिन वळणाचं रूप घेतलं तर बरोबर ६१६ येते. याहून चांगला पुरावा या विषयात मिळणं कठीण. रोम जळाल्यावर ख्रिस्ती लोकांवर आळ घेऊन त्यांना हालहाल करून मारणारा तो निरो. ६८ साली त्यानं आत्महत्या केली, तरी तो परत येणार अशी आवई वर्षानुवर्षं उठत होती.

एवढं असूनही ६६६ दर पिढीला नव्यानं सापडतो. युरोपातल्या धर्मसुधारकांना तो पोपमध्ये दिसला, पुढं कुणाला नेपोलियनमध्ये, कुणाला बारकोडमध्ये. आपल्याकडं आधार कार्डात दिसला, मग कोरोनाच्या लशीत. लस घेऊ नका, ती श्वापदाची खूण आहे, असे ऑडिओ मेसेज इथंही फिरले. आता मूळ जागा बघा. तेराव्या अध्यायाच्या अखेरीस श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर येते, आणि चौदाव्याच्या पहिल्याच ओळीत कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, माणसांच्या कपाळावर त्याचं आणि पित्याचं नाव असतं. आता या दुसऱ्या नावाला कुणी गोंदण किंवा चिप म्हणत नाही. तिथं सगळ्यांना बरोबर कळतं की प्रश्न निष्ठेचा आहे. मग पहिल्या खुणेलाच इंजेक्शन का समजायचं? माणूस काय टोचून घेतो यापेक्षा कुणापुढं वाकतो, हा योहानाचा विषय आहे.

हर्मगिदोन या शब्दानं पुष्कळ सिनेमे चालले, पण बायबलमध्ये तो एकदाच येतो. ‘ख्रिस्तविरोधी’ प्रकटीकरणात एकदाही नाही, तो योहानाच्या छोट्या पत्रांत आहे, आणि तिथं असे पुष्कळ जण आधीच आलेत असं म्हटलंय.

हजार वर्षांच्या राज्याचंही तसंच. विसाव्या अध्यायातल्या सात-आठ ओळी, बाकी कुठं नाही. सैतानाला साखळदंडानं बांधून हजार वर्षं अगाधकूपात टाकतात, आणि ख्रिस्तासाठी मारले गेलेले लोक त्याच्याबरोबर राज्य करतात. या ओळींवरून तीन तट पडले. पहिल्या शतकांतले पुष्कळ जण म्हणत, येशू आधी येईल, मग पृथ्वीवर खरोखरची हजार वर्षं राज्य करेल. पाचव्या शतकात ऑगस्टीननं सांगितलं की हा आकडा प्रतीक आहे, येशूचं पहिलं येणं आणि दुसरं येणं यांच्यामधला हा सगळा मंडळीचा काळच ती हजार वर्षं आहे. कॅथलिक आणि बरेच जुने प्रोटेस्टंट पंथ आजही तिथंच आहेत. तिसरा तट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत भरात होता: येशूची सुवार्ता पसरेल, शाळा निघतील, गुलामगिरी जाईल, जग सुधारत जाईल आणि त्या सुवर्णकाळाच्या अखेरीस येशू येईल. पहिल्या महायुद्धानं या आशेचं कंबरडं मोडलं.

मग आज आपण जे ऐकतो ते कुठून आलं? ते म्हणजे आधी विश्वासणारे गुपचूप उचलले जाणार, मग सात वर्षं महासंकट, मग येशू सगळ्यांदेखत येणार. काही प्रार्थना-सभागृहांत याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. पूर्वी कापडावर रंगवलेला असायचा, आता फ्लेक्स. डावीकडं क्रूस, मग ‘मंडळीचा काळ’ अशी लांब पट्टी, मग वर जाणारा बाण आणि त्याभोवती ढग. बाणानंतर लाल रंगातली सात वर्षं, मधोमध चिरलेली: साडेतीन अन् साडेतीन, खाली ४२ महिने आणि १,२६० दिवस. मग खाली येणारा बाण आणि पांढरा घोडा. चित्र इतकं नीटनेटकं असतं की बघणाऱ्याला वाटतं, हा तक्ता बायबलमधलाच असणार.

तो बायबलमध्ये एका जागी कुठंच नाही. त्याची जुळणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमध्ये काम केलेल्या धर्मोपदेशकानं केली. जुन्या करारातल्या दानीएल या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सत्तर सप्तकांचा एक हिशेब आहे. डार्बीच्या पठडीत त्यातली एकोणसत्तर येशूच्या काळापर्यंत संपवतात, मग घड्याळ थांबवतात, आणि उरलेलं एक सप्तक, म्हणजे सात वर्षं, भविष्यात नेऊन ठेवतात. त्यात थेस्सलनीकाचे ढग, मत्तयातलं संकट आणि प्रकटीकरणातलं श्वापद बसवलं की तक्ता तयार. १९०९ मध्ये स्कोफील्ड यांचं टिपांसह बायबल निघालं आणि ही मांडणी ओळींच्या खालीच छापली गेली. वाचणाऱ्याला वरचा मजकूर आणि खालची टीप यातला फरक हळूहळू दिसेनासा झाला. हे मानणारे लोक लबाड नाहीत. माझ्या ओळखीतली पुष्कळ साधी, प्रार्थनाशील माणसं यावर मनापासून विश्वास ठेवतात. पण ‘बायबल सांगतं’ असं म्हणताना ‘डार्बींच्या जुळणीनुसार’ एवढं जोडायला हवं.

कोल्हापूरचा या गोष्टीशी आणखी एक धागा आहे, आणि तो इथल्या ख्रिस्ती लोकांनाही फारसा माहीत नसतो. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. पुढं अमेरिकेत शिकताना, १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं धर्मोपदेशक मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात, मिशनकार्यासाठी परदेशी जायला शंभर तरुण तयार झाले. त्यामागं रॉबर्टची धडपड मोठी होती. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, आणि तिची घोषणा होती: याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. ‘याच पिढीत’ ही घाई मत्तय २४ मधल्या एका ओळीच्या फार जवळची आहे. सुवार्ता सर्व राष्ट्रांना सांगितली जाईल, मग शेवट होईल, अशी ती ओळ. त्या शिबिरात बोललेले पियर्सन तर येशूच्या लवकर येण्यावर ठाम विश्वास ठेवणारे होते. म्हणजे अंतकाळाच्या विश्वासानं माणसं हातावर हात धरून बसतातच असं नाही. काही जण बोटीचं तिकीटही काढतात.

तारखा सांगणाऱ्यांची यादी लांब आहे, मी तिघांवर भागवतो. मिखाएल श्टिफेल हा जर्मन पाळक अव्वल गणिती होता, बीजगणिताच्या इतिहासात त्याचं नाव आहे. त्यानं हिशेब करून १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ, अशी वेळ दिली. आठ वाजले, नऊ वाजले. अधिकाऱ्यांनी त्याला धरून नेलं. धर्मसुधारक ल्यूथरच्या ओळखीमुळं तो निभावला, आणि पुढं त्यानं आकड्यांची बुद्धी गणितातच वापरली. दुसरा अमेरिकेतला शेतकरी विल्यम मिलर. दानीएलातल्या २,३०० दिवसांची वर्षं करून त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. हजारो लोक वाट बघत राहिले, काहींनी शेतातलं पीकही काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सूर्य उगवला. त्या घोर निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा केला. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच, आणि आज ते तारीख सांगत नाहीत. तिसरे हॅरल्ड कॅम्पिंग. रेडिओवरून त्यांनी २१ मे २०११ सांगितली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर, आणि तीही टळल्यावर असे हिशेब करणं चूक होतं असं लिहून दिलं.

या सगळ्या धामधुमीत प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय वाचायचेच राहतात, आणि माझ्या मते पुस्तकातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग तोच. जग जळून खाक, आत्मे वर स्वर्गात, असा शेवट तिथं नाही. उलट दिशा आहे. नवं यरुशलेम हे शहर वरून खाली येतं आणि देव माणसांत राहायला येतो. शहर चौकोनी आहे, लांबी, रुंदी, उंची तिन्ही १२,००० स्टेडिया, म्हणजे दोन हजारांहून जास्त किलोमीटर. एवढं मोठं शहर कुणी मोजायला जाणार नाही, पण मंदिरातला परमपवित्र गाभारा असाच तिन्ही बाजूंनी सारखा होता, हे यहुदी वाचकाला लगेच कळलं असेल. आता सगळं शहरच गाभारा, म्हणून तिथं वेगळं मंदिर नाही. वेशी रात्री बंद होत नाहीत, कारण रात्रच नाही. मधून नदी वाहते, काठावर झाड आहे, त्याला दर महिन्याला फळ येतं आणि त्याची पानं राष्ट्रांना बरं करायला आहेत. मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वानलेस यांची आठवण मला हे वाचताना येते. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, ती त्यांच्याच नावाची. सृष्टी टाकून द्यायची नसून दुरुस्त व्हायची आहे असं मानणारा माणूस दवाखाना काढतो, शाळा काढतो. ती उद्या जळणारच आहे असं मानणारा कशाला काढेल? अर्थात काढणारेही होते, वर सांगितलं तसं. माणसं आपल्या सिद्धांतांपेक्षा बरी निघतात.

स्वतः वाचून बघायचं असेल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका आणि शेवटच्यापासूनही नको. आधी १ थेस्सलनीकाकरांस, चार ते पाच हे दोन अध्याय, एका बैठकीत होतात. मग मार्क तेरा, पण मंदिराच्या दगडांपासून, मधूनच नाही. मग प्रकटीकरणाचे पहिले तीन, म्हणजे पत्ता कळेल. त्यानंतर अठरा, एकवीस आणि बावीस. मधले घोडे, कर्णे आणि कोपाच्या वाट्या त्यानंतर घ्या, म्हणजे धडकी कमी भरेल. दानीएलाचा सातवा अध्याय सोबत ठेवला तर श्वापदं कुठल्या गोठ्यातली आहेत ते दिसेल. आणि दानीएल नऊ अगदी शेवटी, पाळकांना गाठून, चहा सांगून. सत्तर सप्तकांवर दोन पाळकांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही, तेव्हा दुसरा चहाही लागेल.